मोडक्या पिसाचा मोर

सावेडीत मी बरीच वर्षं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान चालवलं. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा दुकान पुतणीकडे दिलं आणि घरी बसून डिझाइनचं सॉफ्टवेअर मराठीतून शिकवणारे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकायला लागलो.

लग्नपत्रिकेचा व्हिडिओ चांगला चालला होता. एका सकाळी पाहतो तर तो साइटवरून काढून टाकलेला. कॉपीराइटची तक्रार. मला वाटलं, सॉफ्टवेअरच्या कंपनीनंच केली असणार. त्यांचीच स्क्रीन मी रोज लोकांना दाखवत होतो. म्हणून कंपनीचे नियम उघडले आणि शब्दकोश जवळ घेऊन वाचून काढले. शिकवण्यासाठी स्क्रीन दाखवायला त्यांची हरकत नव्हती. आपण कंपनीचीच माणसं आहोत असं भासवायचं नाही, एवढंच. मग माझं चुकलं कुठे?

तक्रार शेवटपर्यंत वाचली तेव्हा कळलं. पत्रिकेच्या कोपऱ्यात मी एक मोर टाकला होता. तो दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये कधीपासून पडून होता, कुठून उतरवला तेही आठवत नव्हतं. कितीतरी पत्रिकांवर मी तो छापला, पण तो कुणी काढला असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

तक्रारीतल्या पत्त्यावर मेल करून माझा नंबर दिला. दुपारी फोन आला. राजूरकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई बोलत होत्या.

"मोर तुम्ही काढलाय?" मी विचारलं.

"व्हय. आमच्या घरामागं यायचा, त्याला बघून काढला. शेपटीत एक पीस मोडकं हाय, बघा."

फाइल मोठी करून पाहिली. होतं.

"बाई, खरं सांगतो," मी म्हणालो, "ती चूक समजून मी बऱ्याचदा ते पीस सरळ केलंय."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "विचारलं असतं तर मी न्हाई म्हनले नसते, दादा."

तेव्हा मी रीतसर परवानगी मागितली. त्यांनी लेखी दिली आणि तक्रार मागे घेतली. अट दोनच गोष्टींची: चित्राखाली त्यांचं नाव, आणि पीस मोडकंच.

व्हिडिओ परत दिसू लागला. त्या संध्याकाळी मी फॉन्टचा फोल्डर उघडला आणि एकेका अक्षरवळणाचा धनी शोधत बसलो. काहींची नावं सापडली, काहींची अजून शोधतोय.