चालत्या बँडचं रेकॉर्डिंग

आमच्या सुपे गावच्या बँडमध्ये मी झांजा वाजवायचो. लग्नसराई संपली की वाद्यं फडक्यात गुंडाळली जायची, पण किस्से काही थांबायचे नाहीत! त्यातले निम्मे तर एकाच दिवसाचे. रेडिओचे साहेब जीपमधून रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आले, त्या दिवसाचे.

क्लॅरिनेट वाजवणारे विठूअण्णा आमचे मास्तर. त्यांना एकच कुतूहल होतं. "जन्मभर बँडच्या मधी हुबा हाय मी. लांबनं ह्यो कसा वाटतोय, मला न्हाई ठावं. एकदा ऐकायचाय!" म्हणून रेकॉर्डिंग त्यांना हवंच होतं.

*

स्टुडिओ म्हणजे डाकबंगल्याची खोली. साहेबांनी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, दार लावलं आणि बजावलं, "बाहेरचा आवाज आत येता कामा नये."

ढोलवाला परसू घाम पुसत म्हणाला, "आवाज ऱ्हाऊ द्या साहेब, वारा तरी येऊ द्या!"

*

साहेबांनी हात वर केला, "स्टार्ट!" कुणीच वाजवेना.

"अहो, वाजवा ना!"

"नवरा कुठाय?" अण्णांनी विचारलं. "नवरा घोड्यावर बसल्याबिगर आमी कवा सुरू केलंय?"

शेवटी बंगल्याच्या खानसाम्याला खुर्चीवर बसवलं. तो चक्क लाजला!

*

सूर लागले, पण ताल कोसळला. एका जागी उभं राहून वाजवायची सवय कुणाला होती? मग माईकभोवती गोल फिरत वाजवलं. साहेबांनी ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, तुमचं क्लॅरिनेट येतं आणि जातं!"

"वरात हाय न्हवं ती?" परसू म्हणाला. "जाणारच की!"

टेप संपत आली होती. आता एकदाच, साहेब म्हणाले. अण्णांचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं. आम्ही चपला काढल्या, जाजमावर जागच्या जागी चालत वाजवलं. जमलं!

*

साहेबांनी स्पीकर व्हरांड्यात ठेवला. अण्णा लांब, फाटकाजवळच्या फणसाखाली जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागोमाग. तिथं त्यांची बायको गंगाक्का भाकरी घेऊन आली होती.

त्या दोघांच्या वरातीची गोष्ट अख्ख्या सुप्याला ठाऊक. दुसरा क्लॅरिनेटवाला मिळेना, म्हणून नवरदेवच पुढं बँडमध्ये वाजवत गेला आणि नवरी मागून एकटी चालत आली.

टेप सुरू झाली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"बरं वाजतंय की," गंगाक्का म्हणाली.

अण्णांनी हातातलं क्लॅरिनेट माझ्याकडं दिलं. "चल गं."

"कुठं?"

"वरातीत!"