पिवळी सगळ्यात वर

शिवणाच्या दुकानात चिंध्या साठतात, त्याला कुणाचाच इलाज नाही. सकाळी लख्ख झाडून घेतलं तरी संध्याकाळी मशीनच्या पायाशी ढीग असतोच. आमच्या शनिवारच्या मंडळीचे किस्से तसेच साठलेत. एक उचलावा तर त्याला अडकून दुसरा लोंबत येतो, आणि फेकून द्यावा असा एकही सापडत नाही!

मंडळी कोण, ते आधी सांगते. म्हैसूरला, बन्नीमंटपाच्या मैदानाजवळ आमचं घर. पुढच्या खोलीत माझं टेलरिंगचं दुकान, कोपऱ्यात टीव्ही, आणि टीव्हीवर दर शनिवारी संध्याकाळी इंग्लंडची फुटबॉल लीग. बघायला आम्ही पाच जण. मी. आमचे हे, रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले, तरुणपणी वर्कशॉपच्या टीमचे फुलबॅक. शेजारचा चंदू, बसचा जुना कंडक्टर. पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते हे तो तिकीट फाडताना पॅसेंजरलासुद्धा सांगायचा. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बोगादीला राहणारे कुलकर्णी, पुण्याहून आलेले सॉफ्टवेअरवाले. आणि समोरच्या घरातली मेघना, शाळेत खेळ शिकवते. तिचं मराठी दोन वाक्यांत संपतं, मग कन्नड सुरू होतं.

सगळे मला अक्का म्हणतात आणि ह्यांना अण्णा. म्हणजे हिशेबानं आम्ही बहीण-भाऊ झालो! लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून कुणाला त्यात काही खटकलेलं नाही.

*

फुटबॉल बघणारा माणूस खोटारडा असतो. ऑगस्टमध्ये एक बोलतो आणि मे महिन्यात "मी तर आधीच म्हटलं होतं!" म्हणतो. चंदू यात एक नंबर. एकदा त्यानं तीन वेगवेगळ्या टीम पहिल्या येणार असं तिघांना सांगून ठेवलं होतं.

म्हणून मी पट्टी काढली. सीझनच्या आधी प्रत्येकानं कापडाची एक लांब पट्टी घ्यायची आणि वीस टीमचे वीस तुकडे आपल्या अंदाजानं त्यावर लावायचे. जिंकणारी वर, बुडणारी तळाला. टीमचं नाव नाही, रंग. लाल टीम फार, म्हणून त्यांना बटणं: एका बटणाची लाल, दोन बटणांची लाल. टाचण्या आहेत तोवर मन बदला, हवं तितकं. पण पहिल्या मॅचची शिट्टी वाजायच्या आत मी मशीन मारते.

कुलकर्णी म्हणाले, "अक्का, हे सगळं एक्सेलमध्ये दोन मिनिटांत होईल."

मी म्हटलं, "होईल ना. आणि तितक्याच वेळात बदलताही येईल. माझी शिलाई उसवून दाखवा!"

*

मी सातवीपर्यंत शिकले. इंग्रजी वाचायला पेपरातल्या खेळाच्या पानावरून शिकले, आणि ऑफसाइड कटिंगच्या टेबलावर खडूच्या रेघा मारून, बटणं सरकवून, माझी मी शिकले. कुणी शिकवलं नाही. पुढे त्याच बटणांनी कुलकर्ण्यांच्या बायकोला शिकवलं. तिला समजावणं नवऱ्याला कधी जमलं नव्हतं.

एकदा केबलवाला आला. मशीनवर बसलेली म्हातारी बघून त्यानं प्रेमानं चॅनल बदललं आणि भजन लावलं. "बघा अज्जी, आता देव दिसेल."

"देवाला ठाऊक आहे मी शनिवारी कुठे असते," मी म्हटलं. "त्याला यायचं तर इथे येईल. तू मॅच लाव!"

*

चंदूची टीम एका बटणाची लाल. दर वर्षी ती पहिली. ती कितवीही आली तरी पुढच्या वर्षी पुन्हा पहिली!

एका ऑगस्टमध्ये स्वारी घाईत आली. चष्मा घरी. (चष्मा लावला तर घोडदळातलं रक्त कमी दिसतं ना!) भराभर तुकडे लावले आणि म्हणाला, "अक्का, मार मशीन." मी मारली. मॅच सुरू झाल्यावर मेघना पट्टीजवळ गेली आणि ओरडली, "अय्यो चंदू मामा! तुमची टीम तळाला!"

दोन लाल तुकड्यांची अदलाबदल झाली होती. चंदू गयावया करायला लागला. "अक्का, स्वल्प उसव ना. एकच तुकडा."

"शिट्टी वाजली," मी म्हटलं.

आणि त्या वर्षी एका बटणाच्या लालचं काय झालं कुणास ठाऊक, कोच गेला, गोलकीपरचा हात मोडला, हरत हरत ती खरंच तळाशी जाऊन बसली, पुढचं एक वर्ष खालच्या लीगमध्ये काढायला. चंदूचा आयुष्यातला पहिला बरोबर आलेला अंदाज! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चंदू पट्टीकडे बघून ढसाढसा रडला.

*

कुलकर्णी देव मानत नाहीत. डेटा मानतात.

एका रविवारी आम्ही सगळे टी. नरसीपूरला गेलो होतो, संगमावर. तेव्हा हे ठणठणीत होते, गाडीतून उतरून पुढे पुढे चालत होते. मी नदीत पाय सोडून बसले. बघते तर कुलकर्णी देवळामागे उभे, डोळे मिटलेले, मुठीत काहीतरी घट्ट. ह्यांनी मागून जाऊन हळूच मूठ उघडली. आत आकाशी रंगाचा तुकडा, त्यांच्या टीमचा! माझ्या दुकानातून ढापलेला.

"काय कुलकर्णी?" हे म्हणाले.

कुलकर्णी जराही डगमगले नाहीत. "काही नाही अण्णा. निर्णय त्याचाच. मी फक्त डेटा पोचवला."

*

मागच्या उन्हाळ्यात ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. महिनाभरानं हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना समज किती राहिलीय हे आत्ता सांगता येणार नाही. कदाचित फारशी नसेल."

"तुम्ही नका सांगू," मी म्हटलं. "मी सांगते. सगळी आहे."

हे मी ताठ मानेनं सांगितलं खरं. पण माझ्याशिवाय तसं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हाक मारल्यावर हे भिंतीकडेच बघत राहिले की मी पुन्हा हाक मारायचे, आणि पुन्हा.

ऑगस्ट आला. चंदू दारात उभा राहून चप्पल न काढता म्हणाला, "अक्का, या वर्षी पट्ट्या नकोत. अण्णांना त्रास."

"अण्णांना की तुला?" मी म्हटलं. "आत ये. पाच पट्ट्या कापून ठेवल्यात."

मेघनानं वीसही तुकडे ह्यांच्या मांडीवर पसरले. हे बराच वेळ नुसते बघत होते. मग डावा हात हलला. एक तुकडा उचलला आणि पट्टीवर सगळ्यात वर ठेवला. पिवळा.

पिवळी म्हणजे खालच्या लीगमधून नुकतीच वर आलेली, गरिबाघरची टीम. आम्ही चौघांनी तिला तळाला टाकली होती. पहिली तर ती स्वप्नातसुद्धा येणार नव्हती. उरलेले तुकडे ह्यांनी एकेक करून लावले, मधे मधे थांबत. शेवटी कुलकर्णी माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाले, "अक्का, आपण नंतर पिवळी खाली सरकवू. अण्णांना कळणारही नाही."

"हात लावून दाखवा," मी म्हटलं. "कात्री माझ्या हातात आहे!"

आणि मी मशीन मारली. पिवळी सगळ्यात वर.

*

आभार मानायची मला सवय नाही. कुणापुढे मान तुकवून जगले नाही. पण हा किस्सा सांगताना आवाज खाली येतो, त्याला मी काय करू?

दसऱ्याच्या आधी माझ्याकडे युनिफॉर्मच्या ऑर्डरी असतात. मशीनवरून उठता येत नाही. मी कुणाला काही बोलले नव्हते. एका सोमवारी कुलकर्णी दाढीचं सामान घेऊन आले आणि ह्यांच्या गालाला फेस लावायला बसले. दुसऱ्या दिवशी चंदू. आपापसात पाळ्या लावून टाकल्या, मला न विचारता! मेघना रोज शाळेतून फुटबॉल आणायची आणि ह्यांचा उजवा पाय त्यावर ठेवून पुढे-मागे करायची. "अण्णा, पास. पास माडी!" म्हणजे पास करा. पाय हलायचा नाही. ती रोज यायची.

दसऱ्याच्या संध्याकाळी मैदानावर मशालींची परेड, म्हणजे आमच्या भागात सुईला जागा नाही. रस्ते बंद. पाळी नेमकी कुलकर्ण्यांची. मला वाटलं, आज कुठले येतात! पण स्वारी बोगादीहून चालत आली. कोपऱ्यावर पोलिसानं अडवलं, "पास आहे का?"

"पास नाही," कुलकर्णी म्हणाले, "ब्रश आहे," आणि पिशवीतून दाढीचा ब्रश काढून दाखवला. पोलिसानं ब्रशकडे बघितलं, कुलकर्ण्यांकडे बघितलं आणि बॅरिकेड बाजूला केलं!

*

ह्यांना झोप लागत नव्हती. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, उपयोग शून्य. एका शनिवारी मॅच संपल्यावर कुलकर्णी लॅपटॉप घेऊन ह्यांच्याजवळ बसले आणि शुद्ध पुणेरी मराठीत समजावायला लागले की पिवळीची तळाला जाण्याची शक्यता किती आहे, का आहे, आणि मागच्या मॅचनंतर त्यात काय फरक पडला. तिसऱ्या वाक्याला हे घोरायला लागले.

तेव्हापासून कुलकर्णी घरी जाताना थोडं एक्सेल वाचून जातात. गोळी बंद केली.

*

पिवळी पहिली मॅच जिंकली होती. मग हरली. मग हरतच गेली. प्रत्येक हरण्याबरोबर मंडळी पट्टीकडे बघायचं टाळायला लागली, जणू तिथे ह्यांचा रिपोर्ट टांगला होता. एक दिवस मी चिडून बोलले, "तोंडं काय पाडता? आवडती टीम वर ठेवली माणसानं! चंदू दर वर्षी ठेवतो, त्याला कुणी डोक्याचं स्कॅन करून ये म्हटलं का?"

चंदू म्हणाला, "अक्का, माझी बायको म्हणते."

सगळे हसले. मी ह्यांच्याकडे बघितलं. ओठाचा डावा कोपरा वर गेल्यासारखा वाटला. की मलाच तसं हवं होतं? ते मी कुणाला बोलले नाही.

*

आता या मे महिन्यातला सांगते. सीझन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पट्ट्या मोजायला जमले.

आमच्याकडे जिंकणाऱ्याला काही मिळत नाही. हरणाऱ्याला मिळतं. ज्याचा एखादा तुकडा सगळ्यात जास्त चुकला तो हरला, आणि त्याच्यासाठी वर्षभराच्या चिंध्या जोडून शिवलेला एक शर्ट. एक बाही हिरवी, एक जांभळी, कॉलर फुलाफुलांची, पाठीवर पेटिकोटची लेस. तो घालून कोपऱ्यावरच्या हॉटेलात सगळ्यांदेखत कॉफी प्यायची. इतका भयंकर शर्ट शिवायला अक्कल लागते, हे मी अभिमानानं सांगते.

पट्ट्या मोजल्या. पिवळी तळाला, सगळ्यात शेवटची. ह्यांच्या पट्टीवर ती सगळ्यात वर. याहून जास्त चुकणं शक्यच नव्हतं!

चंदूची लाल नेहमीप्रमाणे चुकली होती, चुकण्यात तो दुसरा. कुलकर्ण्यांनी घसा साफ केला. "अण्णांना यातून सूट. त्यांचं धरायचं नाही. चंदू, शर्ट तुमचा."

मी तोंड उघडणार होते. पण चंदूनं मोठ्या लगबगीनं, मोठ्या आनंदानं शर्ट ओढून घेतला. त्यानं हिरवी बाही चढवलीसुद्धा. "बघ अक्का, कसा दिसतो! घोडदळ!"

धाडकन आवाज झाला. ह्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला होता. चेहरा लाल. मान ताठ. ओठ हलत होते, काहीतरी जुळवत होते. मेघना पुढे झाली, मी तिला दंडाला धरून थांबवलं.

"मा," हे म्हणाले. मग श्वास घेतला. "माझा!"

चंदूचा एक हात बाहीत तसाच राहिला.

मग त्यानं शर्ट उतरवला, दोन्ही हातांवर धरला आणि ह्यांच्यासमोर नेला. कुलकर्णी आणि मेघनानं मिळून बाह्या चढवल्या. बटणं लावायला मी वाकले, तर ह्यांनी माझा हात झटकला. डाव्या हातानं, एकेक करत, वरचं बटण खालच्या काजात घालत, सगळी बटणं स्वतः लावली.

आणि दाराकडे बोट दाखवलं. कोपऱ्यावरचं हॉटेल उघडं होतं.