पिस्तुलाची पाकिटं

बाबांना चामडं शिवता येतं हे एकोणिसाव्या वर्षापर्यंत मला माहीत नव्हतं. ते गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणणाऱ्या मागावर. पाळीवरून आले की केसांत कापसाचे तंतू आणि बोलणं वरच्या पट्टीत, कारण दिवसभर खडखडाटात कान बधिर झालेले. माझे बाबा म्हणजे एवढंच, असं मी धरून चालले होते.

मग गिरण्यांचा संप सुरू झाला आणि संपेचना. घाटकोपरच्या आमच्या चाळीत भरदुपारी पुरुष दिसायला लागले. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावी शेतीवर निघून गेला. बाबा एका सकाळी डबा घेऊन साकीनाक्याला गेले आणि संध्याकाळी काखेत एक बोचकं घेऊन परतले.

मी ते सोडलं. कापलेल्या चामड्याचे तुकडे, मेण लावलेला दोरा, एक आरी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. कागद काढला तर पिस्तूल! मी किंचाळलेच.

"अगं लाकडाचं आहे ते," बाबा म्हणाले. "फर्मा आहे. ठेव खाली."

साकीनाक्याच्या एका गाळ्यात पिस्तूल कमरेला अडकवायची कव्हरं बनत. शेठ त्यांना होल्स्टर म्हणे, बाबा पाकीट म्हणत. चामडं गाळ्यात कापलं जाई, पुढचं काम घरी. बाबा तुकडा पाण्यात भिजवायचे, लाकडी पिस्तुलावर बसवायचे आणि हाडाच्या पट्टीनं दाबत राहायचे, चापाची कमान वरून दिसेपर्यंत. ते सुकलं की मांडी घालून शिवायला बसत. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. आरीनं भोक पाडायचं आणि त्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर ओढायच्या. टाके असे पडत की उलट सुलट ओळखू येऊ नये.

पहिल्या दिवसापासून त्यांचा हात असाच चालला. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. मी टायपिंगच्या क्लासला जात होते आणि महिनोन्‌महिने बोटं चुकत होती. यांना एका दिवसात कसं जमलं?

"बाबा, कुठे शिकलात हे?"

"असंच."

"असंच कसं?"

आई स्टोव्हपाशी होती. ती चिडली की मालवणीत शिरायची. "गप रव गो. तुका कित्याक व्हयी?"

दुसरी गोष्ट दाराची. चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. दार लावलं की घरात आजारी आहे नाहीतर भांडण आहे, असं लोक समजत. पण बाबा शिवायला बसले की आई कडी घालायची. ओली पाकिटं खिडकीत न सुकवता मोरीवरच्या दोरीला, माझ्या ओढणीआड टांगायची. वास येऊ नये म्हणून उदबत्ती लावायची. यात लपवण्यासारखं काय आहे, मला कळेना. दरोड्याचा माल थोडाच होता?

पण ओढणी काही भिंत नव्हे. शेजारच्या काकू एकदा वाटीभर रवा मागायला आल्या. मी डबा काढेपर्यंत त्यांची नजर मोरीकडे गेली. दोरीला एक पाकीट लटकत होतं आणि त्यातून फर्म्याची काळी मूठ बाहेर आलेली. काकू रवा न घेताच गेल्या. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली, पण काकूंकडे जाऊन खरं काय ते सांगितलं मात्र नाही.

त्यानंतर चाळीचं वागणं बदललं. नळावर आईला लोक न मागता पुढे सोडायला लागले. वर्गणी मागणारी मुलं आमच्या दारावरून पाय न वाजवता जात. बाबा जिन्यावर दिसले की गप्पा थांबत. एकानं त्यांना चक्क सलाम केला. बाबांनी मागे वळून पाहिलं, मागे कोणी होतं का म्हणून.

आणि एका रविवारी दुपारी चाळीखाली पोलिसांची जीप थांबली.

गॅलरीत ही गर्दी. एक इन्स्पेक्टर आणि एक हवालदार जिना चढून थेट आमच्याच दारात. आईनं हातातलं उलथणं खाली ठेवलं, परत उचललं. बाबा उठून उभे राहिले, मांडीवरचं चामडं तसंच घरंगळलं.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "शेठनं पत्ता दिला तुमचा. मी डावरा आहे हो. मिळतात ती सगळी उजव्या हाताची. मला डाव्या बाजूचं करून पाहिजे."

साहेबांनी कमरेचं पिस्तूल काढलं, गोळ्या काढून हवालदाराच्या हातात दिल्या आणि पिस्तूल आमच्या पाटावर ठेवलं. माझ्या जेवायच्या पाटावर. खरं पिस्तूल फर्म्यापेक्षा लहान वाटलं मला. आईनं विचारलं, "चहा घेणार?" आणि लगेच माझ्याकडे पाहिलं, हे विचारायचं असतं की नसतं अशा चेहऱ्यानं.

बाबांनी सुतळीनं माप घेतलं. गुडघ्यावर बसून पट्टा कुठे येतो, हात कुठवर पोचतो ते पाहिलं. साहेब तोवर तयार पाकीट हातात फिरवत होते.

"टाका पिढीजात दिसतोय. कुठले तुम्ही?"

"गिरणीत होतो साहेब. साच्यावर."

"गिरणीत शिकवतात हे?" साहेब सहज हसले. बाबा हसले नाहीत. ते पिस्तुलाची आकृती कागदावर काढत राहिले, आणि त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

जीप गेल्यावर शेजारच्या काकांनी धीर करून विचारलं, "काय झालं हो? पोलीस कशाला?"

बाबा दारात उभे होते. मला वाटलं, आता सांगतील, पाकीट शिवायला आले होते म्हणून. संपलं. पण ते म्हणाले, "चौकशी होती. माझी." आणि आत येऊन कडी घातली.

मी बघतच राहिले. साहेब मानानं घरी आले, चहा प्यायले, काम देऊन गेले. आणि हा माणूस चार लोकांत सांगतो की पोलीस माझी चौकशी करत होते? गुन्हेगार म्हटलेलं कुणाला आवडतं का?

संध्याकाळी बाबा खाली गेले तेव्हा मी आईला धरलं. तिनं आधी तांदूळ निवडले. मग तांदळाकडेच बघत ती हळूच बोलली. माझे आजोबा गावी चपला शिवत. घर गावाबाहेर. पाणी वरून ओंजळीत घ्यायचं, देवळाची पायरी लांबूनच बघायची. बाबा लहानपणापासून आजोबांच्या शेजारी आरी घेऊन बसलेले. मुंबईला आल्यावर त्यांनी आडनाव बदललं, गिरणीत लागले आणि ठरवलं, पुन्हा चामड्याला हात लावणार नाही. "चाळीत कोणाक म्हायत नाय," आई म्हणाली. "तुका पण सांगूचा नव्हता."

मला वाईट वाटत होतं, पण कशाचं ते कळत नव्हतं. ज्या काकूंच्या घरात मी लहानपणापासून जेवले, त्यांच्या ताटाचं आता काय? मी कालची तीच होते की दुसरी कुणी? आरशात जाऊन बघावंसं वाटलं, आणि बघितलंही.

पुढे गोष्ट बाबांच्या हातात राहिली नाही. गल्लीच्या तोंडावर कॅरम खेळत बसणारा एक दादा होता. तो दोन पोरं घेऊन वर आला. गॅलरी पुन्हा भरली.

"काका, ऐकलंय सगळं," तो म्हणाला. "एक घोडा पाहिजे."

"घोडा?" बाबांना खरंच कळलं नाही. "कसला घोडा?"

"मस्करी नको ना यार काका. तुमच्याकडे लटकलेले असतात म्हणे. पोलीस पण येऊन चहा पिऊन गेले. आपल्याला एकच द्या."

बाबांचा चेहरा आधी कोरा पडला, मग पांढरा. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा एका हातात फर्मा होता, दुसऱ्यात साहेबांचं अर्धवट शिवलेलं पाकीट. फर्मा त्यांनी दादाच्या हातात दिला.

"हे लाकूड आहे. आणि हे मी शिवतो. चामडं शिवतो मी." एवढं दादाला सांगून ते गॅलरीकडे वळले आणि त्यांचा आवाज गिरणीतला झाला. "माझा बाप चपला शिवायचा. त्याचा बापही. ऐकलंत सगळ्यांनी? पिस्तूल नाही माझ्याकडे. चांभार आहे मी."

दादानं फर्मा उलटापालटा केला, वास घेतला, म्हणाला, "वाट लागली," आणि परत देऊन निघून गेला. हळूहळू बाकीचेही आत गेले.

मला वाटलं, आता काय ते उघड होईल. लोक तोडतील नाहीतर जवळ करतील. तसं काही झालं नाही. नळावर आईला परत रांगेत उभं राहावं लागलं. एक बाई आमच्याकडची वाटी परत द्यायला आली, ती दारातूनच, आणि रिकामी. पण तिचाच नवरा बाबांना हाक मारून तंबाखू देऊ लागला, पूर्वी देत नसे. आणि शेजारच्या काकू धाकट्याचं फाटलेलं दप्तर घेऊन आल्या. "जरा टाका घालून द्या हो." तोंडावर नेहमीचं हसू. हा आपलेपणा होता की आता हक्काचा चांभार मिळाला होता, ते मी आजही सांगू शकत नाही. आई रागावली. बाबांनी मुकाट्यानं दप्तर शिवून दिलं.

मग पट्टे आले, पिशव्या आल्या, बाबा शिवत गेले. एकदा एकानं चप्पल आणली. बाबांनी ती हातात घेतली, अंगठा तपासला आणि परत दिली. "चपला नाही करत." मी कारण विचारलं. ते म्हणाले, "नाही करत म्हणजे नाही." रेघ तिथेच का, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

साहेब ठरल्याप्रमाणे येऊन पाकीट घेऊन गेले. डाव्या हातानं पिस्तूल काढून, घालून पाहिलं, आमच्या खोलीच्या मधोमध, आणि "झकास" म्हणाले. या वेळी दार उघडं होतं. शेजारची मुलं उंबऱ्यात उभी राहून बघत होती, आणि बाबा त्यांना सांगत होते की चामडं ओलं असताना दाबावं लागतं, सुकल्यावर ते ऐकत नाही.