हसून म्हण

मानसोपचाराच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक आई मुलीला शिकवत होती, "डॉक्टरकाका विचारतील, कशी आहेस? मग काय म्हणायचं?" मुलगी पंख्याकडे बघत, बोटं हलवत म्हणाली, "मजेत." आईनं तिची बोटं मुठीत धरली. "हात नको हलवूस. काकांकडे बघ, आणि हसून म्हण."

मलाही आईनं असंच शिकवलं, भल्यासाठीच. माझ्या ऑटिझमला तेव्हा घरात 'विचित्रपणा' म्हणायचे. आता चाळिशीत ते हसू इतकं घोटलेलं आहे की ऑफिसात कुणाला शंकाही येत नाही. घरी आल्यावर मी बाथरूममध्ये अंधारात बसून राहते. उद्याची सकाळ होऊच नये, असं रोज वाटतं. बरं दिसायला सगळे शिकवतात. बरं नाही हे कसं सांगायचं, ते कुणीच शिकवत नाही. तेवढंच सांगायला आज रजा टाकली होती, रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं.

मुलीनं आईच्या मुठीतून एक बोट सोडवलं आणि तेवढंच हलवत राहिली.

माझं नाव पुकारलं. डॉक्टरांनी मान वर केली. "या. कशा आहात?"

मी त्यांच्याकडे बघितलं, हात मांडीवर गप्प ठेवले आणि हसून म्हणाले, "मजेत."