पार्ट निघालाय

आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून 'नाही' हा शब्द ऐकलेला माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात शोधून सापडायचा नाही. तिसगावात बाजारतळाच्या कडेला त्यांचं मोटारसायकलच्या पार्टचं दुकान आहे. तिथं काय मिळतं म्हणाल, तर चहा मिळतो, शेंगा मिळतात, चार गावांच्या बातम्या मिळतात. मागितलेला पार्ट तेवढा मिळत नाही. पण म्हणून 'नाही' म्हणतील तर शपथ! दुकानाच्या मुहूर्ताला त्यांच्या आईनं बजावलं होतं, "काउंटरवर बसून न्हाई म्हनू नको बाबा, लक्ष्मी आल्या पावली माघारी जाती." आई जाऊन कैक वर्षं झाली, साडूंनी तिचा शब्द काही मोडला नाही. आणि याच एका न उच्चारलेल्या शब्दापायी गेल्या साली त्यांचं दुकान जाता जाता राहिलं. तेच सांगायला बसलोय.

मी वस्तीवरच्या शाळेत मास्तर. गाडी जुनी, रस्ता त्याहून जुना, म्हणजे मी त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. दुसरीकडून पार्ट घ्यावा तर आमच्या मंडळी डोळे वटारतात. "घरचं दुकान सोडून बाहेरून घेतलंत हे ताईला कळलं तर मी तिला काय तोंड दाखवू?" त्या तोंडासाठी मी गाडी किती ढकलली आहे, ते माझ्या पोटऱ्यांना विचारा.

साडूंची भाषा शिकायलाच मला काही वर्षं लागली. 'हाय' म्हणजे असेल कुठंतरी, पण शोधायला पाहिजे. 'निघालाय' म्हणजे पार्ट अजून मागवलेलाच नाही, तुम्ही गेल्यावर आठवलं तर मागवू. एकदा माझ्या गाडीचे ब्रेक शू पार घासले होते. साडू म्हणाले, "ब्रेक शू वाढल्यात, पाव्हणं." मी खूश! म्हटलं, माल वाढलाय, घाई काय. "मग रविवारी नेतो," म्हणालो. "या की!" तो आठवडाभर मी चपला घासून गाडी थांबवत होतो, आणि शाळेची पोरं फाटकात उभी राहून "सर, पाय! पाय!" म्हणून ओरडत होती. रविवारी गेलो तर साडू शांतपणे म्हणाले, "अजून वाढल्यालेच हायेत." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरातले तांदूळ संपले की बायका 'वाढले' म्हणतात, बांगडी फुटली तरी ती वाढते. या गृहस्थांनी ती रीत ब्रेक शूला लावली होती! मी संतापून म्हणालो, "अहो साडूभाऊ, मेलो असतो ना मी उतारावर!" त्यांनी कानांना हात लावला. "असं अभद्र बोलू नये. चहा घ्या."

डावा इंडिकेटर मागितला तर उजवा काढून देतात. "अहो, मला डावा पाहिजे." "शाळंला जाताना डावीकडं वळता ना? मग येताना उजवाच लागंल की." मी उजवा खिशात टाकून घरी येतो.

तरी लोक त्यांच्याकडेच जातात, आणि का जातात तेही सांगतो. आमच्या नर्सबाईंच्या गाडीची केबल तुटली आणि त्यांना वस्तीवर एका बाळंतिणीकडे जायचं होतं. साडूंनी आधी त्यांना गावातल्या कुणाच्या तरी गाडीवर धाडलं, मग भर उन्हात एसटीनं नगरला जाऊन केबल आणली. ती निघाली दुसऱ्याच गाडीची. तर हा माणूस त्याच दिवशी परत नगरला गेला! असा माणूस असल्यावर रागावणार तरी किती?

त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे. सातवीपासून तो हॉस्टेलवर होता, त्यामुळे बापाची ही भाषा त्याच्या कानावरून गेली नसावी. लोक आता मोबाईलवरून पार्ट मागवतात, दुकानात राम उरला नाही, ते देऊन टाका आणि दोघं पुण्याला या, असा त्याचा धोशा होता. साडूंचा जीव तर त्या काउंटरला चिकटलेला. मला म्हणायचे, "मी तिथं गॅलरीत बसून काय करू वो? मला कोन काय मागनार?" पण पोराला हे सांगायचं कुणी? दर रविवारी तो फोनवर विचारायचा, "आप्पा, कधी निघताय?" आणि आप्पा म्हणायचे, "हे काय, निघालोच."

तिसगावातल्या शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळला असता. मुलानं तो सरळ घेतला. जागेला गिऱ्हाईक बघितलं आणि एका रविवारी टेम्पो घेऊन दारात हजर!

मी तेव्हा माझ्या 'निघालेल्या' क्लच केबलची चौकशी करायला गेलो होतो. टेम्पो मागं घेऊन शटरला लावला होता, नवा जागावाला टेप घेऊन भिंती मोजत होता. मुलगा रॅक उचलायला लागला, आणि कहर म्हणजे त्याचं दुसरं टोक साडूंनी धरलं होतं! "साडूभाऊ, अहो बोला की काहीतरी!" मी ओरडलो. "चहा घेता का?" ते म्हणाले. चेहरा पांढराफटक. दोन रॅक टेम्पोत चढले. मग जागावाल्यानं हात पुढं केला, "शटरची किल्ली द्या, काका."

साडूंनी खिशात हात घातला. तो बाहेर येईना.

"आप्पा, द्या ना," मुलगा म्हणाला.

"न्हाई."

इतकं हळू म्हणाले की जागावाल्यानं "काय म्हणालात?" असं विचारलं.

"न्हाई म्हनलं! न्हाई देनार. न्हाई येनार मी!"

टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरला. आमची मेव्हणी पदराला हात पुसत दारात आली. सगळ्यात जास्त घाबरले होते ते साडूच. लक्ष्मीच्या फोटोकडे चोरून बघत होते.

जागावाला पुटपुटत निघून गेला. मुलगा ऑइलच्या डब्यावर मटकन बसला. "मग आधीच सांगायचं ना, आप्पा. मी तिकडं तुमच्या खोलीला रंग दिलाय."

साडू टेम्पोतल्या रॅककडे वळले. आम्ही तिघांनी मिळून रॅक परत खाली घेतले. रिकामा टेम्पो कसा पाठवायचा म्हणून मेव्हणीनं त्यात बाजरीचं पोतं आणि कांदे चढवले. मुलानं दोघांच्या पाया पडून घेतलं. "दिवाळीला येतो," म्हणाला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

टेम्पो वळणापलीकडे दिसेनासा झाला तरी साडू रस्त्यातच उभे होते. दुकानात एक जण प्लग मागत होता, तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं. मी जवळ गेलो तर डोळे भरलेले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "यील का वो त्यो दिवाळीला?"

खरं सांगायचं तर मला काय माहीत होतं? पोरगा दुखावून गेला होता, ते मीही पाहिलं होतं. पण त्यांच्या त्या चेहऱ्याकडे बघून माझ्याच्यानं दुसरं काही बोलवेना.

"यील की," मी म्हणालो. "न यायला काय झालं?"