गाडीखालची कुत्री

मला बैलगाडी हाकता येते, हे मी लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं. माहेरी आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, त्यामुळे माझ्या हातात कासरा द्यायला कोणी मुहूर्त पाहत बसलं नाही. सासरी दहावी पास सून म्हणून माझं कौतुक झालं, पण ही सून गाडीही हाकते म्हटल्यावर गावानं तोंडात बोटं घातली. मी म्हटलं, घाला.

ही गोष्ट हिंगोली जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची. आमचं गाव आखाडा बाळापूरपासून दोन-अडीच कोसांवर. हळदीचे दिवस होते. काढलेली हळद शिजवायच्या कढईपर्यंत आणायला एक गाडी पुरेना, म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बाळापूरच्या बाजारातून दुसरी गाडी आणली, बैलजोडीसकट. लालकंधारी बैल, देखणे. मी पाण्याची घागर घेऊन बैलांच्या पायावर ओतायला पुढे झाले, तर गाडीच्या आसाखाली, बरोबर दोन चाकांच्या मधोमध, एक तांबूस कुत्री उभी होती.

"ही कोणाची?" मी विचारलं.

मामंजींनी वाकून पाहिलं. "अरे! ही काहून आली?"

ते वाटभर गाडीत बसून होते आणि त्यांच्या खालून कुत्री चालून राहिली होती. त्यांचाही दोष नव्हता. बाजाराच्या वाटेवर निम्म्या गाड्यांखाली एकेक कुत्रं सावली धरून चालतच असतं, ते कोणाचं म्हणून कोण विचारतो?

त्या संध्याकाळी मी तिला दाराशी भाकरी ठेवली, यू यू केलं. ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी दुधात कुस्करून तिच्या नाकाशी नेली. तिनं तोंड फिरवलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ओसरीवरून म्हणाल्या, "लाडाचं दिसतं कोनाचं तरी. आपल्या भाकरीला नाक मुरडून राहिलं."

पण हे नाक मुरडणं नव्हतं. गाडी शेताला निघाली की ती आसाखालून चालायची, परत आली की तिथंच बसायची. बादलीतलं पाणी तेवढं प्यायची. तिसऱ्या दिवशी तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी ती उठायला गेली आणि मागचे पाय लटपटून परत खाली बसली. आपल्या अंगणात एक जीव उपाशी मरतोय आणि आपण हळद मोजतोय, हे मला सहन होईना.

"मामा, ही हरवलीय. हिला घरी पोचवायला पाहिजे," मी म्हटलं. सासऱ्यांशी सुनेनं असं तोंड वर करून बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. मी ती पहिल्याच वर्षी मोडली होती.

"कुत्र्याला घर सापडतं पोरी. जाईल आपल्या पायानं."

"मग पाच दिवस काहून गेली नाही?"

मी बाजाराची पावती मागितली. तिच्यावर विकणाऱ्याचा पत्ता होता, बाळापूरच्या पलीकडे माळावरचा एक तांडा. चार कोसांची वाट. सगळं माझ्या डोक्यात लख्ख होतं. मालकानं गाडी विकली, कुत्री सवयीनं गाडीखालून चालत राहिली, चुकून आमच्या गावाला आली आणि आता मालकासाठी झुरतेय. मालकही तिकडे शोधत फिरत असेल. मी तिला उचलून घ्यायला गेले तर ती गुरगुरली. तेव्हा मी दुसरा विचार केला. ती गाडीखालूनच चालते ना? मग गाडीच जाईल.

"एका कुत्र्यासाठी बैल जुपायचे? हळदीच्या दिवसांत?" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.

"एक दिवस हळद थांबते. ही थांबायची नाही," मी म्हटलं. मामंजी जू उचलायला गेले. ते माझ्या बाजूचे झाले की बोलत नसत.

गाडी मी हाकली, मामंजी मागे बसले. वाटेत लोक थांबून बघत होते, बघोत. बैल मी मुद्दाम हळू चालवले, कुत्रीला झेपेल तसे. दर थोड्या वेळानं वाकून बघायची, ती आहे का. असायची. ओढ्यात मी गाडी थांबवली, तेव्हा ती पाणी प्यायली आणि लगेच परत आसाखाली गेली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तांडा दिसला. आणि इतका वेळ पाय ओढत चालणारी ती कुत्री गाडीखालून सुटली ती थेट एका घराच्या दाराशी गेली. दार बंद होतं. ती दोन्ही पायांनी दार खरवडायला लागली, बारीक आवाज काढत.

मला इतका आनंद झाला की मी मामंजींकडे बघून हसले. बघा म्हटलं.

दार काही उघडलं नाही. घराच्या मागून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली एक म्हातारी आली आणि कुत्रीकडे बघून जागच्या जागी उभी राहिली. आतून पुरुषाचा आवाज आला, "कोन हाय?"

"तुमची गाडी घेतली ना बाजारात, ते आमी," मामंजी म्हणाले. "तुमची कुत्री चुकून आमच्यासंगं आली. तिला सोडायला आलो."

"चुकून न्हाई आली. मीच बसवली तिला गाडीखाली. जा म्हणलं."

माझा आनंद होता तिथं राग येऊन बसला. "मग तेव्हाच सांगायचं ना, काका!"

"सांगितलं असतं तर तुमी बाजारातच हाकलून दिली असती. बैलासंगं कुत्रं कोन घेतं, माय?"

"आणि आता पाच दिवस झाले. ती अन्नाला शिवली नाही. मेली असती म्हणजे?"

मग आवाज अगदी दारापाशी आला. "शिवली न्हाई? बैल कुठं बांधता तुमी?"

"गोठ्यात. आणखी कुठं बांधणार?"

"आन् गाडी?"

"गाडी अंगणात."

"मंग कशी खाईल ती?" म्हातारा म्हणाला. "माझीच चूक. तेवढं सांगायचं राहून गेलं."

बंद दारातून त्यानं मला सगळं समजावलं. तांड्यावर गोठा नव्हता. गाडी सुटली की बैल गाडीच्या चाकालाच बांधायचे, तिथंच सरकीची ढेप टाकायची. बैल खाताना दिसले की मगच कुत्री खायची, डाव्या चाकामागं ठेवलेली भाकरी. त्याआधी कोणी काहीही पुढं केलं तरी तोंड लावायचं नाही, असं त्यानं तिला पिल्लू असल्यापासून शिकवलं होतं. बाजारात गाडी राखायची तर परक्याच्या हातचं खाऊन कसं चालेल? त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातला होता, ही शिकवण तेव्हापासूनची असावी. आणि आम्ही काय केलं होतं? बैल एकीकडे, गाडी दुसरीकडे, भाकरी तिसरीकडे. त्या बिचारीची पाळी पाच दिवसांत एकदाही आली नव्हती. मी तिला दूध-भाकरी दाखवत बसले होते आणि वर तिच्यावर माया करतेय असं समजत होते.

"काका, दार तरी उघडा. बघा तिला."

उत्तर म्हातारीनं दिलं. ती माझ्याजवळ येऊन हळू बोलली. "परवा लेक न्यायला येऊन राहिला, बाई. औरंगाबादला. कंपनीत हाय, तिसऱ्या मजल्यावर एक खोली. आता ह्यांच्यानं शेत व्हत न्हाई. हिला इथं ठिवली तर ह्या दारात बसून ऱ्हाईल. बैल न्हाईत, आमी न्हाईत. आन् दार उघडून एकदा ह्यांना पाह्यलं, की ती तुमच्या गाडीखाली परत जायची न्हाई. मंग खरी हरवल."

चार कोस मी मनातल्या मनात त्या माणसाचे आभार ऐकत आले होते. कुत्री दाराच्या फटीला नाक लावून बसली होती, शेपटी जमिनीवर आपटत. फटीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, तो होता. त्याचा श्वास आम्हालाही ऐकू येत होता, मग तिला तर येणारच.

मी निर्णय घ्यायला फार वेळ लावत नाही. दाराजवळ गेले आणि म्हटलं, "नेते मी तिला. बैल गाडीलाच बांधीन, तुमच्यासारखे. पण माझ्या सांगण्यानं ती इथून उठायची नाही. तुम्हालाच सांगावं लागेल."

आतून त्यांच्या बोलीतला एकच शब्द आला, खणखणीत, भरल्या बाजारात ऐकू जाईल असा. कुत्री उठली. तिनं एकदा दाराकडे वर पाहिलं, आणि मान खाली घालून गाडीखाली गेली. आसाखाली, दोन चाकांच्या मधे.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मामंजी गाडीत चढताना म्हणाले, "तूच हाक. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी कासरा धरला तेव्हा आतून पुन्हा हाक आली, या वेळी मराठीत आणि माझ्यासाठी. "माय, एक राहिलं. भाकरी ठिवली की तिच्याकडं पाहू नका. पाठ करा. पाहत उभं ऱ्हायलं तर ती खात न्हाई."

मी बरं म्हटलं आणि बैल हाकले. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मला गाडी हाकता आली नसती.

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. मी बैल सोडले आणि अंगणातच गाडीच्या चाकांना बांधले. आत्याबाई "हे काय नवीन?" म्हणत राहिल्या. मी ढेप टाकली, बैलांनी तोंडं घातली. डाव्या चाकामागं एक आख्खी ज्वारीची भाकरी ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग मागून भाकरीचा कडक पापुद्रा मोडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भराभर खाण्याचा. मला रडू फुटलं. तिला बघावंसं फार वाटत होतं, पण मी तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, ती सगळी भाकरी खाऊन होईपर्यंत.