नबीलालची काळी काच

सोनईतल्या नबीलाल गादीवाल्याच्या मोटारसायकलवर आपला हक्कच आहे, असं मी समजून चाललो होतो. मीच काय, अख्खं गाव. रस्त्यात कुणीही हात केला की गडी थांबणार. त्याला नाही म्हणताच येत नाही. मागे बायको अख्तरी बसलेली असली, तर ती मुकाट्यानं उतरायची आणि काळी-पिवळी जीप बघायची. लेकीचं लग्न झालं, तरी नवऱ्यामागे बसून ती एकदाही घोडेगावला पोचली नव्हती. दर वेळी कुणीतरी आडवं यायचं, आणि बहुतेक वेळा तो मीच, रंगनाथ, असायचो.

शेवटी तिनं तोंड उघडलं. "एकडाव घोडेगावला रस प्यायला न्या. दोगंच. मला मधी उतरवायचं न्हाई."

नाही म्हणायला शिकण्यापेक्षा नबीलालला खरेदी सोपी वाटली. रस्त्याकडेला विकायला ठेवलेली काळ्याकुट्ट काचेची दोन हेल्मेटं त्यानं उचलली. तोंडच दिसलं नाही तर हात कोण करणार!

त्या दुपारी मी वेशीवर उभा होतो. दोन काळी डोकी सुसाट आली. सीटला कापूस चिकटलेला, म्हणजे गाडी नबीलालचीच. मी हात केला, हाका मारल्या, टोपी हलवली. पठ्ठ्या थांबला नाही! उलट आतून दोघांचं खिदळणं ऐकू आलं. मी असा भडकलो की विचारू नका. शेवटी जीपनंच गेलो.

सांजेला घोडेगावच्या फाट्यावर परतीची गाडी बघत होतो. कडेला उसाची ट्रॉली उभी होती, आणि मागे लाल दिवा नाही म्हणून पोलीस पंकजाबाई ड्रायव्हरला झापत होत्या. तेवढ्यात आमची जोडी आली. अख्तरीनं आपली काच वर केलेली; नबीलालची मात्र खालीच, कुणी ओळखेल म्हणून.

"अवो, ट्रॉली!" ती किंचाळली.

करकचून ब्रेक लागला. उसाचे शेंडे हेल्मेटवर खरखरले.

"काका, एवढी ट्रॉली दिसली न्हाई?" पंकजाबाई आता नबीलालकडे वळल्या.

"मला वाटलं अंदारच हाय," नबीलाल म्हणाला. "काळी काच गुन्हा हाय का, बाई?"

"गुन्ह्याचं मागनं बघू. अंदारात ती घालायचीच नसती. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घ्या, पांढरी काच बसवा. आन् आता ही वर करा."

काच वर झाली, तर समोर मी. सवयीनं माझा हात वर गेला. सवयीनं अख्तरीनं एक पाय जमिनीवर टेकवला.

नबीलालनं माझ्याकडे बघितलं, मग त्या पायाकडे.

"रंगनाथभाऊ, आज... न्हाई."

"काय म्हनला?" मी विचारलं.

"न्हाई म्हनलं, न्हाई!" तो ओरडला आणि आपल्याच आवाजानं दचकला.

पंकजाबाई फस्सकन हसल्या. राग आला होता तरी मीही हसलो. अख्तरीला तर हसू आवरेना. हसता हसताच तिनं तो पाय उचलून पुन्हा गाडीवर घेतला.